स्टॉलवरच्या लेझरचा गॉगल: ठाणे-नवी मुंबईत दिवाळी प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते आणि गेली चार वर्षं घरी लेझर एनग्रेव्हर चालवतेय, धंदा नाही, हौस म्हणून. दारावरच्या पाट्या, भाचरांच्या कंपासपेट्यांवर नावं, कोणाच्या वास्तुशांतीला लाकडी फ्रेम, असलं काहीतरी. तुमच्या प्रदर्शनांना मी न चुकता येते, ठाण्यात नौपाड्याकडे असो नाहीतर इकडे वाशी-नेरूळला, उटणं, कंदील आणि भाजणी मी दरवर्षी तिथूनच घेते. घरून काम करणाऱ्या बायकांना आणि पोरांना तुमच्यामुळे चार पैसे मिळतात हे मला माहितीये, त्यामुळे कोणाचा स्टॉल बंद पाडायला म्हणून हे लिहीत नाहीये, आधीच सांगते.

गेल्या दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या एका प्रदर्शनात कीचेनवर नाव कोरून देणारा स्टॉल होता. विशीतला मुलगा, टेबलावर उघड्या फ्रेमचं निळं डायोड लेझर मशीन, कव्हर नाही, बाजूला पत्रा नाही, काहीच नाही. टेबल मोठ्या माणसाच्या कमरेइतकं, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराचं तोंड बरोब्बर मशीनच्या समोर. तिथे पाच-सहा मुलं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून आपलं नाव कसं उमटतंय ते बघत होती. लाकडाचं कीचेन झालं आणि पुढच्या बाईंनी स्टीलची बाटली दिली, त्याने ती खाली ठेवली आणि चालू केलं. बाटली गोल, चकचकीत. लेझरचा ठिपका सरकत होता तसा मागच्या पांढऱ्या कापडावर निळ्या प्रकाशाचा एक पट्टा पंख्यासारखा फिरत होता, आणि एका क्षणी तो पट्टा पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीच्या गालावरून गेला. माझ्या पोटात गोळा आला. मी ओरडलेच, अरे बाळा थांबव ते आधी. त्याने लगेच थांबवलं, पोरगा चांगला होता, पण म्हणाला, "काकू, गॉगल घातलाय की मी. आयोजकांचा नियमच आहे तसा."

मी नंतर तुमच्या टेबलावर येऊन नियमांचा कागद मागून वाचला. खरंच तशी ओळ होती, लेझर मशीन चालवणाऱ्याने सेफ्टी गॉगल घालणे बंधनकारक. नंतर वाशीच्या एका प्रदर्शनाच्या फॉर्मवरही जवळपास तीच ओळ दिसली. ज्याने कोणी ती लिहिली त्याने काळजीनेच लिहिली असणार, पण गॉगल कुठला ते त्यात नाही आणि समोर उभ्या असलेल्या लोकांचं काय तेही नाही. या दोन गोष्टी नसतील तर त्या ओळीने काहीच होत नाही, उलट सगळ्यांना वाटतं की काळजी घेतलीये.

त्या मुलाचा गॉगल मी हातात घेऊन बघितला, हिरवा होता. मशीनच्या खोक्यात फुकट येतो तो. माझ्याकडेही पहिल्या मशीनबरोबर तसाच आला होता आणि मी तो घालून आठ महिने काम केलंय, म्हणून मला एवढं लागतंय.

आठ महिन्यांनी काय झालं ते सांगते. माझ्या मावसभावाचा मित्र महापे एमआयडीसीत लेझर मार्किंगच्या युनिटमध्ये काम करतो, त्याच्याकडे लेझरची पॉवर मोजायचं मीटर आहे. घरी जेवायला आला होता, माझा गॉगल बघितला आणि म्हणाला ताई हा घेऊन एकदा या. मग एका रविवारी गेले. तिथे बंद पेटीत सगळं लावलेलं, आम्ही दोघांनी त्यांच्याकडचे खरे गॉगल घातले आणि त्याने निळ्या लेझरचा बारीकसा, कमी पॉवरचा बीम, म्हणजे झोत, मीटरवर सोडला. मीटरने ८० मिलिवॉट दाखवलं. मग मधे माझ्या हिरव्या गॉगलची काच धरली. ५२! म्हणजे अर्ध्याहून जास्त लेझर आरपार, आणि आठ महिने हेच माझ्या डोळ्यांवर होतं. मग मी नंतर ऑनलाइन मागवलेला नारिंगी गॉगल धरला, त्याच्या पट्टीवर "ओडी ६+" असं छापलेलं होतं. मीटर ०.३ वर आलं, मला हायसं वाटलं, पण तो हिशोब करत बसला होता. ८० चं ०.३ म्हणजे साधारण २७० पट कमी. ओडी ६ म्हणजे दहा लाख पट कमी व्हायला हवं.

हा ओडी काय असतो ते दोन मिनिटात सांगते कारण स्टॉलवाले तुम्हाला हाच आकडा दाखवणार. ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, काच प्रकाश किती पट अडवते त्याचं माप, आणि त्यात प्रत्येक आकड्याला दहाने गुणायचं. ओडी १ म्हणजे दहावा हिस्सा आत येतो, ओडी २ म्हणजे शंभरावा, ओडी ४ म्हणजे दहा हजारावा. दिसणाऱ्या लेझरसाठी डोळ्यात जाऊ शकणारी सुरक्षित मर्यादा साधारण १ मिलिवॉट धरतात, तीही पाव सेकंदात पापणी मिटते हे गृहीत धरून. आता घरगुती मशीन ५ वॉटचं, म्हणजे ५००० मिलिवॉट. ते १ वर आणायला निदान ५००० पट अडवायला हवं. १० वॉटला दहा हजार पट, म्हणजे ओडी ४ तर तिथेच संपला. २० वॉटला तो पुरतच नाही. म्हणून जाणकार लोक अशा मशीनला ओडी ५-६ मागतात. आणि माझा नारिंगी गॉगल अडवत होता २७० पट.

जाहिरातीतल्या वॉटचाही घोळ आहे बरं का. "४० वॉट" लिहिलेल्या कितीतरी मशीनमधून प्रत्यक्ष ५ वॉटच लेझर बाहेर पडतो, ४० हा मशीन खाते त्या विजेचा आकडा. त्यामुळे फॉर्मवर विचाराल तेव्हा ऑप्टिकल वॉट किती असं विचारा.

त्या दिवशी त्याने अजून एक गोष्ट दाखवली. नारिंगी गॉगल पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि ५ वॉटचा पूर्ण बीम काचेवर सोडला. मी मनात एक, दोन, तीन मोजलं, तेवढ्यात प्लॅस्टिकला फोड आला, मग धूर, मग मागच्या विटेवर निळा ठिपका लख्ख. मला तोवर वाटायचं की गॉगल म्हणजे रंगीत काच, रंग बरोबर असला की झालं. काच अडवते किती हा एक प्रश्न आणि अडवताना टिकते किती वेळ हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर पट्टीवरच्या ओडीत नसतं. हा प्रयोग कोणी घरी करायला जाऊ नका, तिथे पेटी होती, मीटर होतं आणि रोज हेच काम करणारा माणूस होता.

टिकण्याची ही परीक्षा युरोपच्या ईएन २०७ या स्टँडर्डमध्ये असते. त्यात काचेवर आणि फ्रेमवर सरळ लेझर मारून बघतात आणि सलग बीमला तिने निदान ५ सेकंद तग धरावा लागतो. ५ सेकंद हे तिथून बाजूला व्हायला, मशीन बंद करायला. गॉगल घातलाय म्हणून बीमकडे टक लावून बघायला कुठलाच गॉगल नसतो. या स्टँडर्डप्रमाणे पास झालेल्या गॉगलवर खूण असते, आधी कुठल्या वेव्हलेंग्थपासून (म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, नॅनोमीटरमध्ये मोजतात, लेझरचा रंग तिच्यावरून ठरतो) कुठपर्यंत ते आकडे, मग डी, आय, आर, एम यातलं अक्षर किंवा अक्षरं, मग एलबी आणि पुढे आकडा. डी म्हणजे सलग चालणारा लेझर, बाकीची अक्षरं वेगवेगळ्या पल्सची, म्हणजे तुटक-तुटक सुटणाऱ्या लेझरची. एलबी ५ म्हणजे ती काच एक लाख पट अडवते आणि त्या आकड्याला ठरवून दिलेला मारही सोसते. ही खूण काचेवर किंवा फ्रेमवर न पुसणारी असते, चिकटवलेल्या स्टिकरवर नाही, बरोबर उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह आणि कागद येतो. अमेरिकन पद्धतीच्या गॉगलवर एलबीऐवजी वेव्हलेंग्थ आणि त्या वेव्हलेंग्थचा ओडी असतो, तोही चालतो, पण उत्पादक खरा हवा आणि टेस्ट रिपोर्ट मागितल्यावर मिळायला हवा. नुसतं "सीई" (युरोपात विकायच्या मालावरची सर्वसाधारण खूण) लिहिलंय आणि बाकी काही नाही, असा गॉगल असेल तर तो आणलाच नाही असं समजा.

आपण घोडबंदर रोडच्या कडेला हेल्मेट घेताना आता आयएसआय मार्क बघतो ना, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच परवानगी नाही. पाच मिनिटांत माणूस हेल्मेट उलटं करून मार्क बघायला शिकला. गॉगल पण तसाच उलटा करून बघायचा आहे, एवढंच काम आहे.

रंगाबद्दल लोक फार फसतात. काच ज्या रंगाची दिसते तो रंग ती आत सोडत असते. निळा लेझर अडवायचा तर काच नारिंगी-पिवळट हवी, हिरवा लेझर अडवायचा तर नारिंगी-लाल, लाल लेझरला निळसर-हिरवी. म्हणजे निळ्या मशीनबरोबर हिरवा गॉगल देणं हीच मुळात चूक आहे. पण उलटं खरं नाही, नारिंगी आहे म्हणजे भरवशाचा आहे असं नाही, माझाही नारिंगीच होता. आणि "२०० ते २००० सगळ्या लेझरला चालतो" असं लिहिलेला गॉगल घालून तुम्हाला समोरचं नीट दिसत असेल तर ते खोटं आहे हे तिथल्या तिथे कळतं, कारण साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर हाच आपल्याला दिसणारा प्रकाश, तो सगळा अडवला तर अंधारच होईल.

आता जे मला सगळ्यात जास्त घाबरवतं ते. स्टीलच्या बाटल्यांवर, टिफिनवर नावं कोरायला आता पुष्कळ जण फायबर लेझर घेतायत, हातात धरायचं छोटं मशीनही मिळतं. त्याची वेव्हलेंग्थ १०६४ नॅनोमीटर, डोळ्याला दिसतच नाही. निळा लेझर निदान झगझगतो, माणूस पापणी मिटतो, मान फिरवतो. हा दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, पण डोळ्याच्या बाहुलीतून आरपार जाऊन थेट मागच्या पडद्यावर फोकस होतो. डोळा स्वतःच भिंग आहे, बाहुलीवर पडलेला प्रकाश पडद्यावर साधारण एक लाख पट तीव्र होऊन पडतो. पडद्याला दुखण्याची जाणीव नाही, त्यामुळे भाजलं तरी कळत नाही, नंतर कधीतरी वाचताना मधलं अक्षर गायब दिसतं आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. नेरूळच्या बाजूला एका स्टॉलवर दादा फायबर मशीन चालवत होते आणि डोळ्यावर होता आधीच्या निळ्या मशीनचा नारिंगी गॉगल. मी त्यांना काचेवरचे आकडे वाचायला सांगितले, ४०० ते ५४०. मशीन १०६४. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याच वेळी मशीन बंद केलं आणि दोन दिवसांनी बरोबर गॉगल घेऊन आले, मला वाटतं बहुतेक लोक असेच असतात, सांगितलं की ऐकतात.

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझर मशीनचं वेगळं, ते १०६०० नॅनोमीटर, बुबुळावरच थांबतं, पडद्यापर्यंत जात नाही, पण बुबुळ भाजतं. त्याचा गॉगल बिनरंगी असू शकतो. तो बिनरंगी गॉगल घालून कोणी फायबर चालवायला बसलं तर डोळ्यावर काही नसल्यासारखंच आहे. म्हणून गॉगल मशीनशी जुळला पाहिजे, माणसाशी नाही. एकाचा गॉगल दुसऱ्या स्टॉलवर उसना देऊ नका.

उन्हाचा काळा चष्मा तर अजिबातच नको, त्याने बाहुली मोठी होते आणि उलट जास्त आत जातं. वेल्डिंगची काच, कारखान्यातला साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा, हे त्या त्या कामाला चांगले आहेत, लेझरसाठी त्यांची परीक्षा झालेली नसते. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून बसणारा गॉगल घ्या, नाहीतर माणूस दर पाच मिनिटांनी काढून बघतो, आणि कडेने फट राहिली तर लेझर बाजूनेही येतो. काचेला चरा, तडा, रंग उडालेला डाग दिसला की तो गॉगल गेला. माझा आत्ताचा साडेसहा हजाराला पडला. तुमच्या तीन दिवसांच्या स्टॉलच्या भाड्याच्या जवळपास असेल, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

पण हे सगळं झालं मशीन चालवणाऱ्याचं. त्या पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीचं काय? बघणाऱ्या प्रत्येकाला गॉगल देता येणार नाही, लहान मुलांच्या नाकावर मोठ्यांचा गॉगल बसतही नाही, घसरतो, आणि लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग जास्त स्वच्छ असतं, निळा प्रकाश मोठ्यांपेक्षा जास्त आत जातो. ही मशीनं स्वतः क्लास ४ मधली, म्हणजे लेझरच्या धोक्याच्या सगळ्यात वरच्या वर्गातली, अर्ध्या वॉटच्या वरचं सगळं त्यात येतं, आणि क्लास ४ मध्ये सरळ बीमच नाही तर पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही जवळून धोक्याचा धरतात. फोकसच्या पुढे बीम पसरत जातो त्यामुळे दहा फुटांवर चकली घेणाऱ्या बाईला धोका कमी आहे, हेही सांगायला हवं, उगाच घाबरवायचं नाहीये. धोका आहे तो टेबलाला टेकून बघणाऱ्याला, आणि टेबलाला टेकून बघतात ती पोरंच.

२०२३ च्या गणपती मिरवणुकांनंतर नाशिक आणि कोल्हापूरकडून लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ केली. ते मोठे लेझर, दुरून येणारे, म्हणून सगळ्यांना दिसले. हे टेबलावरचं खेळण्याएवढं दिसतं म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही.

मग तुम्ही काय करायचं? नियमातली ती ओळ बदला, माझी एवढीच मागणी आहे. उघडं लेझर मशीन हॉलमध्ये चालणार नाही असं लिहा. मशीन पेटीत हवं, चारी बाजूंनी आणि वरून बंद, झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद होणारा स्विच असलेली, इंटरलॉक म्हणतात त्याला. पेटीला खिडकी असेल तर तिचं अ‍ॅक्रिलिकही त्या वेव्हलेंग्थचं, कागद असलेलं हवं, दुकानातून आणलेलं नारिंगी शीट नको. आणि लोकांना नाव उमटताना बघायचंच असतं, ती मजाच आहे, मला कळतं, तर पेटीच्या आत एक जुना मोबाईल कॅमेरा लावून बाहेर टॅबवर दाखवा. मी घरी असंच करते, भाचरं स्क्रीनला चिकटून बसतात आणि मी निवांत. पेटीमुळे धुराचाही प्रश्न निम्मा सुटतो, पाइप बाहेर सोडता येतो. धुरावरून आठवलं, रेग्झिनच्या कीचेन लेझरखाली घेऊ देऊ नका, रेग्झिन म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी, ते जळलं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ निघते, मशीनही गंजतं आणि माणसाचा घसाही.

फॉर्मवर मशीन कुठल्या प्रकारचं, वेव्हलेंग्थ किती, ऑप्टिकल वॉट किती, हे तीन रकाने वाढवा आणि गॉगलच्या काचेवरच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो मागा. तो फोटो आणि मशीनचे आकडे शेजारी ठेवून बघायला तुमच्यातल्या कोणालाही दोन मिनिटं लागतील, त्यासाठी इंजिनियर असायची गरज नाही. वेव्हलेंग्थ त्या रेंजमध्ये बसली पाहिजे आणि एलबी किंवा ओडी मशीनच्या वॉटला पुरला पाहिजे. ज्याला जमणार नाही त्याने घरून कोरून आणावं आणि स्टॉलवर ऑर्डर घ्यावी, दुसऱ्या दिवशी द्यावं, तीन दिवसांच्या प्रदर्शनात ते सहज होतं. धंदा बुडणार नाही कोणाचा.

यंदा स्टॉल वाटप व्हायच्या आधी तुम्ही स्टॉलवाल्यांची एक मीटिंग घेता, दरवर्षी घेता. त्या मीटिंगला लेझरवाल्यांना आपापला गॉगल घेऊन यायला सांगा. महाप्याचा आमचा तो मित्र मीटर आणि पेटी घेऊन यायला तयार आहे, मी विचारलंय त्याला, पैसे नकोत म्हणाला. जो तो आपल्या डोळ्यांनी आकडा बघेल. कुठल्या रविवारी, किती वाजता, तेवढं ठरवा. माझं नाव तुमच्या ग्राहकांच्या वहीत आहेच.

तुमची,
ऐरोलीची एक जुनी ग्राहक